भाव शुद्ध असला की कृतीही शुद्ध होते का?

देवासाठी न विचारता घेतलेली वस्तू चोरीचीच असते का? हा प्रश्न मला माझ्या नऊ वर्षांच्या नातीने विचारला. जप, वाचन, सत्संग यांत इतकी वर्षे घालवूनही मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. आधी मी स्वतःचा बचावच केला. तो बचाव कसा टिकला नाही, ते आपल्यापुढे मांडते.

मोजून भरलेले सामान

मी इंदूरला राहते. मुलीचे बिऱ्हाड ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आहे. जुलैमध्ये तिकडे हिवाळा असतो आणि शाळांना सुटी असते. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा जावयांनी गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून वाळवंटातील राष्ट्रीय उद्याने पाहण्याचा बेत केला. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. तिच्यात झोपायच्या जागा, शेगडी, पाण्याची टाकी असे सगळे असते. आम्ही पाचजण होतो: मुलगी, जावई, नात, तिचा धाकटा भाऊ आणि मी.

सामान भरताना जावई म्हणाले, "आई, या गाडीने किती वजन ओढायचे ते ठरलेले आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी कमी करता येणार नाही, तेव्हा सामानच कमी करू." माझी समई, दुसरा कुकर, चार साड्या घरीच राहिल्या. देवांची छोटी डबी तेवढी बरोबर आली.

पहिला मुक्काम इकारा-फ्लिंडर्स रेंजेस या उद्यानात होता. सकाळी चहासाठी मी वाळक्या काटक्या गोळा करू लागले, तर नातवाने हात धरला. तिथे पडलेले लाकूडसुद्धा उचलायचे नसते. त्या लाकडात किडे, पाली, पाखरे यांचे घर असते. सरपण बाहेरून विकत आणावे लागते. मला हसू आले, पण मी काटक्या जागच्या जागी ठेवल्या.

पुढे स्टुअर्ट महामार्गावर ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर असे आहे, की मध्ये पेट्रोलसुद्धा मिळत नाही. दोन्ही बाजूंना लाल माती आणि खुरटी झुडपे. भांडी घासायला पाणी वाटीने मोजून घ्यायचे. आठवडाभरात ध्यानात आले, की घरी ठेवलेल्या एकाही वस्तूची आठवण झालेली नाही. अपरिग्रह मला जमू लागला, असे वाटून मन थोडे सुखावलेही. परीक्षा पुढेच होती.

लाल खडा

उलुरू ही मैदानातून एकदम वर आलेली ३४८ मीटर उंचीची एकसंध शिळा आहे. तिच्या पायथ्याभोवतीची वाट सुमारे १० किलोमीटरची आहे. ही अनंगू लोकांची पवित्र भूमी. त्यांच्या धर्माला, आचाराला आणि पूर्वजांच्या कथांना मिळून ते 'चुकुर्पा' म्हणतात. त्या शिळेवरची प्रत्येक घळ, प्रत्येक खळगा त्यांच्यासाठी एखाद्या कथेचा भाग आहे. काही जागांचे फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत. काही कथा ते बाहेरच्यांना सांगतच नाहीत.

शिळेच्या कुशीत एक पाणवठा आहे. तिथे मी हात जोडले. मन खरोखर शांत झाले होते. आम्ही नर्मदाकाठची माणसे. नर्मदेतला प्रत्येक कंकर शंकर, ही आमच्याकडची श्रद्धा. ओंकारेश्वरला गेलो की पात्रातला गोटा आणून देवघरात ठेवायचा, हे मी लहानपणापासून करत आले. हात आपोआप खाली गेला. बोराएवढा लाल खडा उचलून मी रुमालात बांधला.

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या कर्मचाऱ्याबरोबर पायथ्याने फेरी होती. त्यांचे उच्चार मला लवकर कळत नव्हते, म्हणून नात कानात सांगत होती. ते म्हणाले, की उद्यानाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे जगभरातून पाकिटे येतात. आत दगड किंवा वाळू असते आणि बहुतेकदा क्षमा मागणारे पत्र. इथला दगड उचलणे कायद्यानेही मना आहे. पण परत आलेला दगड कुठला होता हे कोणालाच माहीत नसते, त्यामुळे तो त्याच्या जागी ठेवता येत नाही.

हे सांगताना नातीचा आवाज अडखळला. आदल्या दिवशी तिने मला पाहिले होते. चारचौघांत ती काही बोलली नाही. रात्री पांघरुणात शिरल्यावर हळूच म्हणाली, "आजी, तुझा दगड चोरीचा आहे का गं?"

तीन सबबी

मी तिला तीन कारणे सांगितली. आज त्यांना मी सबबीच म्हणते.

पहिली: एवढासा तर खडा! पण तिथे दरवर्षी लाखो माणसे येतात. प्रत्येकाचा खडा एवढासाच असतो. शिवाय अस्तेय हे यमांपैकी एक आहे आणि यमाला वजनकाटा लावता येत नाही. रुपया चोरणारा आणि हजार चोरणारा यांची शिक्षा वेगळी असेल, पण हात पुढे जातानाची वृत्ती एकच असते.

दुसरी: मी तो विकायला किंवा मिरवायला घेतलेला नाही, पूजेसाठी घेतला आहे. ही सबब मला सर्वांत भक्कम वाटत होती. भाव महत्त्वाचा, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण समजा, कोणी परदेशी पाहुणा आपल्या मंदिरात आला आणि भारावून जाऊन त्याने गाभाऱ्यातले देवापुढचे फूल स्वतःच उचलून खिशात घातले. त्याचा भाव निर्मळ असेल, तरी आपण त्याला थांबवूच. तेच फूल पुजाऱ्याने त्याच्या हातावर ठेवले तर तो प्रसाद होतो. प्रसाद दिला जातो, आपल्या हाताने घेतला जात नाही. फूल तेच, भक्तीही तीच. फरक आहे तो देणाऱ्याच्या संमतीचा.

नर्मदेचा गोटा आणि हा खडा यांत मला याच ठिकाणी फरक दिसला. नर्मदेकाठी गोटा नेण्याची रीत त्या काठावरच्या लोकांनीच पिढ्यानपिढ्या घालून दिली आहे. घेणाऱ्याची आणि तिथल्या माणसाची श्रद्धा एक आहे. उलुरूला त्या भूमीच्या माणसांची श्रद्धा सांगते, की दगडाची जागा हाच त्याचा अर्थ आहे. मी माझी श्रद्धा त्यांच्या श्रद्धेवर लादली आणि त्याला भक्ती म्हटले.

खरे तर हे मला नवे नव्हते. माझ्या आजोळी, सह्याद्रीच्या पायथ्याला, देवराई होती. तिथली वाळकी काटकीही घरी आणायची नाही, हा आजीचा दंडक होता. 'ते देवाचं आहे' एवढेच ती म्हणे. फ्लिंडर्समध्ये नातवाने हात धरला तेव्हा मला ती आठवायला हवी होती.

तिसरी: सगळे ईश्वराचेच तर आहे, मग कोणाचे काय घेतले? हे फार मोठे तत्त्व आहे आणि म्हणूनच त्याचा दुरुपयोग सोपा आहे. ईशावास्य उपनिषद सर्वत्र ईश्वराचा वास सांगते, पण त्यातून त्यागाकडे आणि निर्लोभाकडे नेते. सगळे ईश्वराचे आहे याचा अर्थ ते माझे नाही, असा आहे. मी मात्र सगळे ईश्वराचे म्हणून माझेच, असा अर्थ काढला होता.

परवानगी आणि योग्यता

उलुरूच्या माथ्यावर चढण्याचीही अशीच कथा आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ही भूमी कायद्याने अनंगूंना परत मिळाली आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने दिली. तरी शिळेवर चढायला मुभा राहिली. ही वाट पवित्र आहे, कृपा करून चढू नका, अशी त्यांची विनंती असे. चढताना ३०हून अधिक माणसे आजवर मरण पावली. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याची जबाबदारी आपली, असे ते मानतात, म्हणून त्या मृत्यूंचे दुःख ते स्वतःचे समजतात. अखेर २०१७ मध्ये उद्यानाच्या मंडळाने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे बंद झाले. बंद होणार हे कळताच आधीच्या काही महिन्यांत चढणाऱ्यांची गर्दी उसळली.

त्या गर्दीने नियम मोडला नव्हता. पण ज्यांच्या घरी आपण आलो आहोत त्यांनी हात जोडून नको म्हटल्यावर, परवानगी आहे म्हणून ते करावे का? यालाच आपल्याकडे प्रेय आणि श्रेय असे म्हटले आहे. नियम आपल्याला फार तर दारापर्यंत आणतो. आत कसे वागायचे ते विवेकाने ठरवायचे असते. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे, की अनेकांनी मुभा असताना केवळ विनंतीला मान देऊन न चढताच हात जोडले. संयमाची साधना त्यांचीच घडली.

परत करणे

सकाळी आम्ही पुढच्या प्रवासाला निघणार होतो. चहाच्या वेळी मी रुमाल सोडून खडा सगळ्यांपुढे ठेवला. जावयांसमोर, नातवंडांसमोर हे करताना मान वर होत नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, असू दे आता, पोस्टाने पाठवू." पण नात माझ्याकडे पाहत होती. जावयांनी काही न बोलता गाडीपासून कॅरॅव्हॅन सोडवली आणि आम्ही पुन्हा उद्यानात गेलो. अर्धा दिवस त्यात गेला.

पाणवठ्याजवळ मी बराच वेळ शोधले. नेमकी जागा आठवेना; कालची लाल माती आणि आजची लाल माती सारखीच दिसत होती. शेवटी तो खडा मी उद्यानाच्या सांस्कृतिक केंद्रातल्या बाईंच्या हाती दिला आणि क्षमा मागितली. त्या रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. त्यांनी तो घेतला आणि आभार मानले. त्या आभारांनीच मला जास्त लाजवले. वस्तू परत करता येते, पण सगळे पूर्ववत होतेच असे नाही, हे तिथे कळले. म्हणून अस्तेयाचे व्रत हात पुढे होण्याआधीच पाळायचे असते.

आपल्या दारात

हे सगळे वाळवंटात घडले म्हणून दूरचे वाटेल. पण आपण रोज काय करतो ते पाहू. इंदूरला सकाळी फिरायला जाताना वाटेतल्या कुंपणांवरची जास्वंद, तगर मी पूजेसाठी तोडत असे. घरमालक उठलेले नसत. देवासाठीच तर घेते, असे मनाशी म्हणत असे. झाड लावणाऱ्याला, पाणी घालणाऱ्याला एकदाही विचारले नव्हते. वस्तूच कशाला, न विचारता आपण दुसऱ्याचा वेळ घेतो, दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय घेतो, आणि त्यालाही सेवेचे किंवा सत्कार्याचे नाव देतो.

काहीही घेण्याआधी क्षणभर थांबून मनाला विचारावे: हे कोणाचे आहे? त्याने ते मला दिले आहे का? आणि तो समोर उभा असता तर मी हात पुढे केला असता का?

इंदूरला परतल्यावर एका सकाळी मी कोपऱ्यावरच्या घराची घंटा वाजवली आणि दोन फुले घेऊ का, असे विचारले. आतल्या वहिनी म्हणाल्या, "घ्या हो, त्यात काय विचारायचं?" आणि त्यांनीच ओंजळभर तोडून माझ्या परडीत घातली. त्या दिवशी देवाला फुले वाहताना नातीचा प्रश्न आठवला. तिला फोन करून सांगितले, "हो गं, तो दगड चोरीचाच होता." ती म्हणाली, "मला माहीत होतं, आजी. पण आता नाहीये ना."