अर्जाच्या तारखेपासून

पांडुरंगा, आज लेकाला बरं कर असं मागायला बसले नाही. ते मागून झालं आणि तू दिलेलं उत्तर मी मान्य केलं. त्याच्या मुठी आवळलेल्या राहतात, मान स्थिर राहत नाही, आणि हसतो तेव्हा तो सगळ्या अंगानं हसतो. असाच तो मला हवा आहे. आज माझं मागणं वेगळं आहे. अनुदानाचा अर्ज दिल्यापासून मंजुरी येईपर्यंत जो काळ जातो, त्यात तू लक्ष घाल.

तुला ठाऊक आहेच, तरी सांगते. जिल्ह्याच्या रुग्णालयात दिव्यांगांचं बोर्ड ठरलेल्या वारीच बसतं. त्या दिवशी नेमके मेंदूविकाराचे डॉक्टर नसले, तर गाडीभाडं घालून, उचलून आणलेल्या लेकाला तसंच परत न्यायचं. तो आता माझ्या उंचीचा झालाय, देवा. एसटीच्या पायऱ्या चढवताना एक कंडक्टर हात देतो, दुसरा घंटी मारतो. बोर्डानं टक्केवारी लिहिली की दिव्यांगत्वाच्या कार्डाची वाट पाहायची. चाळीसच्या आत असेल तर पांढरं, चाळीसपासून पिवळं, ऐंशीपासून निळं.

मग संजय गांधी योजनेच्या अनुदानाच्या अर्जासाठी तहसील. रहिवासाचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, आधारला जोडलेलं बँकेचं खातं. आधारच्या यंत्रावर बोटं टेकवायची तर मूठ उघडावी लागते. ती मी उघडते, तो कळवळतो, आणि ठसा उमटत नाही. डोळ्यांचा ठसा घेऊ म्हणतात, तर मान हलते. शिवाय उत्पन्नाचा दाखला. घरची कमाई वर्षाला ५०,००० च्या आत आहे हे त्यावर लिहिलेलं लागतं, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. एक कागद हाती येईतो दुसऱ्याची मुदत सरलेली असते. मग आपली गरिबी पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायची. माउली, कागदांना एकमेकांसाठी थांबायला शिकव.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा चांगला आहे, त्याबद्दल तुझे आभार. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे सातचे एकवीस प्रकार केले. सिकल सेलच्या वेदनेनं रात्रभर तळमळणारं गडचिरोलीचं लेकरू त्यात आलं, थॅलेसेमियाचं आलं. त्या सगळ्यांसाठी मागते. कुष्ठरोगातून बरं होऊनही ज्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, त्यांच्यासाठी जास्त मागते, कारण त्यांच्यापुढेही ते यंत्र ठेवलं जातं. प्रमाणपत्र देण्याची मुदत नियमात आधी एक महिन्याची होती, २०२४ मध्ये ती तीन महिन्यांची झाली. ते तीन महिने तरी तीनच राहू देत.

देवा, कूर्मदासाला तू विसरला नसशील. हात नाहीत, पाय नाहीत, पैठणहून तो पोटावर सरपटत तुझ्याकडे निघाला होता. लऊळपर्यंत पोचला आणि पुढे जाणं होईना. एकादशी उद्यावर आलेली. त्यानं वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला, आणि तू पंढरपूर सोडून त्याच्याकडे गेलास. त्याला तुझ्यापर्यंत यायला लावलं नाहीस. तीच बुद्धी आमच्या कचेऱ्यांना दे. ज्याला उठता येत नाही त्याच्या खाटेपाशी डॉक्टर येऊ देत, ठसा घेणारा येऊ दे, तलाठी येऊ दे. गावात शिबिर लागतं तेव्हा किती माणसांचं भलं होतं ते मी पाहिलंय. ते वर्षातून कधीतरी न होता नेमानं होऊ दे.

टेबलामागच्या माणसांसाठीही मागते. संजय गांधी शाखेत एकाच बाईंपुढे विधवांचे अर्ज, म्हाताऱ्यांचे अर्ज, आमचे अर्ज, सगळे येतात. त्या बाईंना मदतीला आणखी एक माणूस दे. अर्जात त्रुटी असेल तर ती पहिल्याच दिवशी, सगळी एकदम सांगण्याचं भान त्यांना दे. खिडकीपुढे उभ्या आईकडे मान वर करून बघण्याइतकी सवड त्यांना मिळू दे. बोर्डावरच्या डॉक्टरांना एवढंच दिसू दे की अडतीस आणि चाळीस टक्के यांच्या मधे कुणाचं तरी महिन्याचं औषध आहे.

संजय गांधी योजना १९८० पासून चालत आली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला १,५०० चे २,५०० झाले. ज्यांनी वाढवले त्यांचं कल्याण कर. आमच्या घरात त्या पैशांत आकडीच्या गोळ्या येतील, डायपर येतील, फिजिओथेरपीला नेण्याचं भाडं निघेल. पण गोळी आज लागते. मंजुरीची वाट बघत आकडी थांबत नाही. म्हणून माझं मुख्य मागणं हे आहे: हक्क अर्जाच्या तारखेपासून मोजला जावा. सहीला उशीर झाला तर त्याचं नुकसान अर्ज देणाऱ्याच्या पदरात पडू नये. मधे गेलेले महिने त्याचे त्याला परत मिळोत. आणि अर्ज टेबलावर असतानाच जे तुझ्याकडे आले, त्यांना जवळ घे. त्यांच्या आयांना मी ओळखते, रांगेत आम्ही डबा वाटून खाल्लाय.

माझे गुडघे आता बोलतात. माझ्यामागे याला बोर्डापुढे कोण उचलून नेईल, हा विचार पहाटे येतो तेव्हा मी तुझं नाव घेते. माझ्या हयातीत त्याचं कायमचं प्रमाणपत्र होऊ दे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा तो जिवंत आहे हे सांगायला कुणीतरी त्याच्याजवळ असू दे.

या महिन्यात मंजुरीच्या समितीची बैठक आहे म्हणतात. ती पुढे ढकलली जाऊ नये. आमच्या आधीपासून खेटे घालणारी, काठी टेकत येणारी आजी आहे, तिचं नाव आधी निघू दे, मग माझ्या लेकाचं. आणि यादी भिंतीवर लावतील तेव्हा ती मोठ्या अक्षरांत आणि जरा खाली लावण्याचं कुणाला तरी सुचव, म्हणजे चाकाच्या खुर्चीत बसलेल्यालाही आपलं नाव आपणच वाचता येईल.