खोटं ठरावं म्हणून केलेलं भाकीत

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं आहे, एकूण 48 वचनं. ठाण्याहून निघालेली लोकल दादरला पोचायच्या आत वाचून होतं. बहुतेकांना ते माशाची गोष्ट म्हणून ऐकून माहीत असतं: देवाचं न ऐकणाऱ्या माणसाला मोठा मासा गिळतो, तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकतो आणि माणूस ताळ्यावर येतो. प्रत्यक्ष पुस्तकात मासा जेमतेम तीन वचनांत आहे. आणि तो माणूस शेवटपर्यंत ताळ्यावर येत नाही. ताळ्यावर येतं ते एक शहर, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. या पुस्तकाकडे श्रद्धेच्या वाटेने आलो नाही. ठाण्यात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचं जुनं सिनेगॉग आहे. त्या समाजातल्या, आमच्या ओळखीच्या एक काकू बोलता बोलता म्हणाल्या, की योम किप्पूरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उपासाच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत योनाचं पुस्तक वाचतात. तो दिवस क्षमा मागण्याचा. आणि त्या दिवशी वाचायचं कुणाबद्दल, तर दुसऱ्याला मिळालेली क्षमा ज्याला बघवत नाही अशा माणसाबद्दल! ही निवड मला इतकी चमत्कारिक वाटली, की मी पुस्तक उघडलं.

गोष्ट थोडक्यात अशी. देव योनाला सांगतो, नीनवेला जा आणि त्या शहराला बजाव, त्यांचं दुष्कर्म माझ्यापर्यंत पोचलंय. नीनवे पूर्वेला, तैग्रिस नदीच्या काठी. आजच्या इराकमधल्या मोसुल शहरात तिचे अवशेष आहेत. योना उठतो आणि याफोच्या बंदरावर जाऊन थेट उलट्या दिशेचं, तार्शीशचं जहाज पकडतो. वादळ येतं. जहाजावरचे खलाशी परक्या देवांना मानणारे, पण या अनोळखी माणसाला समुद्रात टाकायची त्यांची तयारी नसते. तो स्वतःच टाका म्हणतो, तरी आधी ते वल्ही मारून किनारा गाठायचा प्रयत्न करतात. मग समुद्र, मासा, किनारा. देव पुन्हा सांगतो, जा. या वेळी योना जातो आणि एवढंच सांगतो की चाळीस दिवसांनी नीनवे उलथेल. मूळ हिब्रूत हे पाच शब्द आहेत. त्यात ना उपदेश, ना उपाय, ना 'सुधारलात तर वाचाल' असं आश्वासन. मला तर हे कसंबसं उरकलेलं काम वाटतं. घंटा वाजवली, आता मी मोकळा.

पण शहर ऐकतं. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसांनी तर उपास धरायचाच, पण गुराढोरांनीही. त्यांनाही गोणपाट नेसवायचं. जुलूम सोडायचा, कदाचित देवाचा विचार बदलेल. आणि देवाचा विचार बदलतो. चाळीस दिवस जातात, नीनवे जागेवर असते.

योना भडकतो. आणि इथे, शेवटच्या अध्यायात, तो आधी का पळाला होता ते आपल्याला पहिल्यांदा कळतं. तोवर आपण समजत असतो की घाबरला असेल. त्याचं म्हणणं वेगळंच आहे: देवा, तू दयाळू आहेस, रागाला मंद आहेस, ऐन वेळी माघार घेतोस, हे मला घरी असतानाच माहीत होतं. म्हणून तर पळालो. यापेक्षा मेलेलं बरं.

हे वाचून मी थांबलो. इशारा वाया जाईल म्हणून योना पळाला नव्हता, तो लागू पडेल म्हणून पळाला होता. म्हणजे इशारा ही मदत असते, हे त्याला पक्कं कळलं होतं, आणि या लोकांना मदत करायची त्याची इच्छा नव्हती.

मराठीत या माणसांसाठी दोन शब्द वापरले गेले आहेत: भविष्यवादी आणि संदेष्टा. दोन्हींत फार अंतर आहे. भविष्यवाद्याची परीक्षा सोपी. सांगितलं ते घडलं, तर खरा. नाही घडलं, तर खोटा. ही कसोटी तोराच्या पाचव्या ग्रंथातही आहे: संदेष्ट्याने देवाच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते देवाचं बोलणं नव्हे. या कसोटीवर योना सरळ नापास आहे. चाळीस दिवस म्हणाला, काहीच झालं नाही.

पण त्याच ग्रंथसंग्रहात यिर्मयाच्या पुस्तकात दुसरी कसोटी आहे. एखाद्या राष्ट्राचा नाश होणार असं देवाने जाहीर केलं आणि ते राष्ट्र वाईट मार्गावरून वळलं, तर देवही आपला बेत बदलतो. म्हणजे भाकिताला एक न बोललेली अट जोडलेली असते. आम्हा प्रोग्रामरांच्या भाषेत, तिथे एक 'इफ' आहे, फक्त तो स्क्रीनवर दिसत नाही.

या दुसऱ्या कसोटीने एकदा एक जीव वाचवायला हातभार लावल्याची नोंदही त्याच पुस्तकात आहे. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त होईल असं यिर्मया म्हणाला, तेव्हा पुरोहितांनी त्याच्यासाठी मृत्युदंड मागितला. त्यावर काही वडीलधारी माणसं उठून म्हणाली, सुमारे शंभर वर्षांपूर्वी मीखाही असंच बोलला होता, शहराचे ढिगारे होतील म्हणून. तेव्हा हिज्कीया राजाने त्याला मारलं का? उलट राजा घाबरून देवाला शरण गेला आणि अनर्थ टळला. म्हणजे मीखाचं भाकीत त्या वेळी खरं ठरलं नाही, हीच त्याच्या खरेपणाची साक्ष म्हणून पुढे आली.

योनाच्या पाच शब्दांतही एक गंमत दडली आहे. 'उलथेल' या अर्थाचं जे क्रियापद तो वापरतो, तेच सदोम आणि गमोराच्या विनाशासाठी आलंय. पण मन पालटणं, माणूस आतून वेगळा होणं, यासाठीही हिब्रूत तोच धातू येतो. तालमूदमधल्या रब्बींनीही हे हेरलं होतं. नीनवे उलथेल असं योनाला सांगितलं होतं, पण वाइटाकडे की चांगल्याकडे, हे त्याला उमगलं नाही. म्हणजे भाकीत खरंच ठरलं. शहर उलथलं. योनाला हवं होतं तसं नाही, एवढंच.

माझ्या धंद्यात हा पेच रोजचा आहे. वर्ष दोनच अंकांत साठवणाऱ्या प्रोग्रामांमुळे 1 जानेवारी 2000 ला गोंधळ होईल, असा इशारा जगभर दिला गेला. असंख्य लोकांनी जुना कोड तपासून दुरुस्त केला. भारतातल्या आयटी कंपन्यांना त्यातूनच मोठं काम मिळालं. ती तारीख आली, फारसं काही बिघडलं नाही, आणि लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. आमच्या टीममध्येही एका सहकारिणीने ऐन सणाच्या विक्रीआधी डेटाबेसची जागा संपेल हे हेरलं, दोन आठवडे पाठपुरावा करून जागा वाढवून घेतली. त्या रात्री काहीच झालं नाही. काहीच न होण्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. रात्री दोनला पडलेला सर्व्हर उभा करणाऱ्याचं कौतुक होतं.

पण तिच्यात आणि योनात एक मोठा फरक होता. सर्व्हर पडू नये असं तिला मनापासून वाटत होतं. नीनवे पडू नये असं योनाला वाटत नव्हतं. इथे माझी इंजिनिअरिंगची उपमा संपते आणि पुस्तकाचा खरा प्रश्न सुरू होतो.

कारण योनाला कोत्या मनाचा म्हणून हसणं फार सोपं आहे. नीनवे म्हणजे अश्शूरचं साम्राज्य. सन्हेरीब राजाच्या नीनवेतल्या राजवाड्यात भिंतींवर कोरलेली शिल्पं एकोणिसाव्या शतकात उत्खननात सापडली, ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इ.स.पू. 701 मध्ये यहूदाचं लाखीश शहर कसं जिंकलं ते त्यात दाखवलंय. सुळावर चढवलेली माणसं, जिवंतपणी सोललं जाणं, बैलगाडीत किडुकमिडुक भरून निघालेली कुटुंबं. हे शत्रूने केलेले आरोप नव्हेत. राजाने स्वतः हौसेने घरात लावलेली सजावट आहे.

अमित्तयाचा मुलगा योना नावाचा संदेष्टा राजांच्या ग्रंथातही एका ओळीत येतो. त्याचा काळ इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याचा, म्हणजे इ.स.पू. आठवं शतक. त्यानंतर काही दशकांतच, इ.स.पू. 722 च्या सुमारास, अश्शूरने शोमरोन जिंकून इस्राएलचं राज्य संपवलं. योनाचं पुस्तक त्यानंतर खूप काळाने लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पहिल्या वाचकांना पुढचं सगळं ठाऊक होतं. ज्या शहराला देवाने माफ केलं, त्याच साम्राज्याने नंतर आपल्या माणसांना देशोधडीला लावलं. योनाच्या रागात त्यांना स्वतःचा राग दिसला असणार. दयेची किंमत दुसऱ्याने मोजायची असते तेव्हा 'दया करा' म्हणणं स्वस्त असतं. इथे किंमत मोजणारे लोकच ही गोष्ट सांगत होते.

देव योनाला झापत नाही. शहराबाहेर, अजून काहीतरी होईल या आशेने तो बसलेला असताना देव एक रोप उगवतो; ते एरंडाचं असावं असं अनेक जण मानतात. योना सावलीत खूश होतो. दुसऱ्या दिवशी कीड लागते, रोप वाळतं, गरम वारा सुटतो, आणि योना पुन्हा मरण मागतो. तेव्हा देव विचारतो: जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्या रोपासाठी तुझा जीव तुटतो; मग या शहरासाठी माझा तुटू नये? इथे डावं-उजवं न कळणारी 1,20,000 पेक्षा जास्त माणसं आहेत. आणि पुष्कळ गुरंढोरंही.

पुस्तक इथेच संपतं. योनाचं उत्तर नाही.

'नीनवेचे लोक चांगले आहेत' असं देव म्हणत नाही. त्यांच्या पश्चात्तापाचाही उल्लेख करत नाही. फक्त संख्या सांगतो, अज्ञान सांगतो, आणि गुरं सांगतो. सुरुवातीला गोणपाट नेसलेली गुरं मला विनोदी वाटली होती. शेवटी कळतं की राजाच्या भिंतीवर काय कोरलंय याच्याशी काहीही संबंध नसलेले असंख्य जीव प्रत्येक शत्रूच्या शहरात राहतात. ज्या पिढीला इशारा मिळाला आणि जी वळली, ती शोमरोनवर चालून गेलेली पिढी नव्हती. पुढच्यांच्या गुन्ह्याची शिक्षा आधीच्यांना द्यायची, तर कुठलंच शहर उरणार नाही. हे माझं उत्तर. ते पुरेसं आहे असा माझा दावा नाही. शोमरोनहून हाकलल्या गेलेल्या माणसाला ते ऐकवायची माझी हिंमत होणार नाही.

बहुधा म्हणूनच संग्रह करणाऱ्यांनी एकच बाजू ठेवली नाही. योनानंतर मीखा येतो, आणि मीखानंतर नहूम. नहूमचं पुस्तक सगळं नीनवेच्या विनाशाबद्दल आहे, आणि त्यात आनंद लपवलेला नाही. इ.स.पू. 612 मध्ये नीनवे खरंच पडली. तेही पुस्तक प्रश्नावरच संपतं: असा कोण आहे, ज्याला तुझा जाच सोसावा लागला नाही? एका बाजूला पीडितांचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला देवाचा. दोन्ही पवित्र ग्रंथात, मध्ये एक मीखा, आणि एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही.

आपल्याकडे आता भाकितांचा सुकाळ आहे. कुणाचं सरकार बुडणार, कुणाची कंपनी, कुणाचं लग्न, हे सगळे जण लिहून ठेवतात आणि 'मी म्हटलं होतं' म्हणायला स्क्रीनशॉट जपून ठेवतात. हे सगळे शहराबाहेर सावलीत बसलेले योना आहेत. बरोबर ठरण्याची इतकी सवय लागली, की अनर्थ टळला तर चुकल्यासारखं वाटतं. स्वतःचं बोलणं तपासायला मी आता एकच प्रश्न वापरतो: मी म्हणतोय ते खोटं ठरलं, तर मला बरं वाटेल का? उत्तर 'हो' असेल, तर तो इशारा. नसेल, तर तो शाप आहे, भाषा कितीही काळजीची असो.

आणि त्याहून कठीण प्रश्न योनाने आधीच सोडवून दाखवलाय, स्वतःच्या विरुद्ध. ज्याचं वाईट व्हावं असं आतून वाटतं, असा एक माणूस डोळ्यांपुढे आणा. पुढे घाटात रस्ता खचलाय हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. त्याची गाडी निघाली आहे. फोन कराल?