त्याने नाव घेऊन बोलाविले



आज तुमच्यापुढे एक कबुली देतो. गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका आजींचा अंत्यविधी होता. आदल्या संध्याकाळी मी थकलो होतो. ‘एका वृद्ध ख्रिस्ती मातेच्या अंत्यविधीसाठी प्रवचन लिहून दे’, असे मी संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले. अर्ध्या मिनिटात दोन पाने तयार झाली. भाषा शुद्ध, वचने योग्य. पण वाचून मला लाज वाटली. ते प्रवचन जगातील कोणत्याही आजीला चालले असते. आपल्या आजींना ते ओळखत नव्हते.

मी उठून त्यांच्या घरी गेलो. रोझरीनंतर त्यांच्या मुलीने सांगितले, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याला आई रोज कालवणाची वाटी पाठवीत असे, उपासाच्या दिवसांतही चुकली नाही. दुसऱ्या दिवशी मी तेवढेच बोललो. मध्येच अडखळलोही. पण ते आजींबद्दल होते.

निर्गमाच्या ३१व्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो, की निवासमंडपाच्या कामासाठी मी बसालेल याला नाव घेऊन बोलाविले आहे आणि त्याला माझ्या आत्म्याने भरले आहे. कशासाठी? सोने, चांदी, पितळ घडविण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी, लाकडावर नक्षी करण्यासाठी. कारागिराच्या बोटांत देवाचा आत्मा! निर्माणकर्त्याने आपल्याला त्याच्या प्रतिरूपात घडविले, म्हणून काही घडविणे हीदेखील एक प्रार्थनाच आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. मराठी ही काही त्यांची मातृभाषा नव्हती. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. आज यंत्र क्षणात ओव्या जुळवील. पण लोकांमध्ये राहून त्यांची बोली कानात साठविण्याची ती वर्षे कोठून आणील? ते श्रम हेच त्यांचे प्रेम होते.

यंत्र वाईट आहे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने काढलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या पत्रकात सांगितले आहे, की कृत्रिम बुद्धिमत्ता हे मानवी बुद्धीला साह्य करणारे साधन असावे, तिची जागा घेणारे नव्हे. हिशेब, माहिती, भाषांतर यांसाठी ते जरूर वापरा. पण ज्याने कधी कुणाला मूठमाती दिली नाही, त्याच्याकडून सांत्वनाचे शब्द उसने घेऊ नका.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारच्या मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थना तयार छापील कागदावरून नकोत. प्रत्येक घराने आपली एक ओळ स्वतः लिहून आणावी. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. ज्याने आपल्याला नाव घेऊन बोलाविले, तो आपला आवाज ओळखतो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू