वाटसरू आणि शेजारी

पाठीवर एक पिशवी टाकून परदेश पायांखालीं घालणारा तरुण पूर्वीं आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत विरळा असे. आतां तो तितका विरळा राहिलेला नाहीं. तो परत आला म्हणजे घरांतील वडील माणसें त्याला डोंगर, नद्या, राजवाडे यांविषयीं विचारतात; पण तो बोलूं लागतो तो निराळ्याच गोष्टींविषयीं. वाट चुकली असतां हातांतील काम टाकून जो मैलभर सोबत आला तो शेतकरी, शेवटची गाडी निघून गेल्यावर जिनें आपल्या मुलांच्या खोलींत अंथरूण घालून दिलें ती बाई, यांचीं चित्रें त्याच्या मनावर राजवाड्यांपेक्षां ठळक उमटलेलीं असतात. आणि बोलण्याच्या शेवटीं तो बहुधा एक सिद्धान्त सांगतो : आपण समजतों त्यापेक्षां जग फार चांगलें आहे. आपण हंसून मान डोलावतों व विषय संपवितों. पण हा सिद्धान्त खरा आहे काय, आणि असल्यास किती अंशीं, हा प्रश्न इतक्यावर सोडून देण्याजोगा नाहीं. वाटसरूला जी दया भेटते ती नेमकी कशाची साक्ष देते ?

एक उदाहरण घेऊं. १९३३ च्या डिसेंबरांत पॅट्रिक ली फर्मर नांवाचा अठरा वर्षांचा इंग्रज तरुण लंडनहून निघाला. हॉलंडच्या किनाऱ्यापासून कॉन्स्टॅन्टिनोपलपर्यंत पायीं जावयाचें, असा त्याचा बेत होता. जवळ पैसा अगदीं बेताचा. हॉलंडांत गरीब वाटसरूला पोलीस ठाण्याच्या कोठडींत एक रात्र निजावयास मिळे. त्या सोयीचा त्यानें लाभ घेतला. जर्मनींत गांवच्या प्रमुखाकडे गेल्यास गांवाच्या खर्चानें जेवण व बिछाना देण्याची जुनी चाल होती. तीही त्याच्या उपयोगी पडली. वर्षअखेरीस हायडेलबर्ग शहरीं तो एका खाणावळींत शिरला, तों मालक पतिपत्नींनीं त्याला गिऱ्हाईक न मानतां पाहुणा मानलें व नववर्षाचा सण आपल्या घरीं करावयास लावला. पुढें म्यूनिक येथें त्याची पिशवी चोरीस गेली. पारपत्र, पैसे व रोजनिशी, सर्व कांहीं गेलें. तेव्हां तेथील एका कुटुंबानें त्याला नवी पिशवी दिली, आणि वर होरेस या लॅटिन कवीचें एक लहानसें जुनें पुस्तकही दिलें. या प्रवासाचा वृत्तान्त त्यानें पुष्कळ वर्षांनीं, १९७७ सालीं, प्रसिद्ध केला. पुस्तकाचें नांव 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स', म्हणजे देणग्यांचा काळ.

आतां या गोष्टींतील तारखांकडे पुन्हां एकदां पाहावें. १९३३ च्या जानेवारींत हिटलर अधिकारावर आला होता. १ एप्रिल रोजीं ज्यू दुकानदारांवर देशभर बहिष्कार पुकारण्यांत आला. ७ एप्रिलच्या कायद्यानें ज्यूंना सरकारी नोकरींतून काढण्यास आरंभ झाला, आणि हायडेलबर्गच्या विश्वविद्यालयांतील ज्यू अध्यापकांनाही आपल्या जागा गमवाव्या लागल्या. म्हणजे ज्या शहरांत एका परक्या पोराला ऊबदार बिछाना मिळाला, त्याच शहरांत वर्षानुवर्षें राहिलेल्या, तेथील मुलांना शिकविलेल्या माणसाच्या पायांखालची जमीन काढून घेण्यांत येत होती. त्या खाणावळीच्या मालकांवर मी कसलाही आरोप करीत नाहीं. त्यांच्या मनांत काय होतें तें मला ठाऊक नाहीं, व त्यांची दया अस्सल होती याविषयीं मला शंका नाहीं. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, त्या हिंवाळ्यांत त्या पोराला भेटलेल्या प्रेमळ माणसांची संख्या मोजून जर कोणी जर्मनीची परीक्षा केली असती, तर तो साफ फसला असता.

हें वाचून जर्मनांकडे बोट दाखविण्याची घाई मात्र आपण करूं नये. उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालणें हें आपल्याकडे मोठें पुण्य मानलें जातें. वाटसरूची जात कळली म्हणजे हें पुण्यही आंखडतें होई, ही गोष्ट वेगळी. तरी तहानलेल्या अनोळखी माणसाला पाणी द्यावें हा संस्कार येथें जुना व खरा आहे. आणि याच भूमींत महाडचें चवदार तळें आहे. १९२४ सालीं तेथील नगरपालिकेनें ठराव करून तें सर्वांना खुलें केलें. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांच्या हजारों अनुयायांनीं त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां त्यांच्यावर हल्ला झाला आणि मागाहून तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. पुढें खटला चालला, व १९३७ सालीं उच्च न्यायालयाच्या निकालानें तो संपला. दूरच्या प्रवाशासाठीं रांजण भरून ठेवणाऱ्या समाजाला शेजाऱ्याची ओंजळ सहन झाली नाहीं.

असें कां व्हावें ? वाटसरू एका रात्रीपुरतें मागतो. उजाडलें कीं तो आपली गरज पाठीशीं बांधून निघून जातो. त्याला भाकरी दिल्यानें आपल्या घरांतील मांडणी बदलत नाहीं. उलट, आपण देणारे आहों ही गोड जाणीव मात्र मागें उरते. शेजाऱ्याचें तसें नाहीं. तो आज आहे, उद्यां आहे, आणि त्याच्या मुलाबाळांनाही येथेंच राहावयाचें आहे. तो उपकार मागत नाहीं, वांटा मागतो. विहिरीचा, नोकरीचा, शाळेंतील बांकाचा. दया ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तु आहे, हक्क हा घेणाऱ्याच्या अधिकाराची. दया देतांना आपण थोडे उंच होतों. हक्क मान्य करतांना आपल्याला एक पायरी उतरून बरोबरीला उभें राहावें लागतें. म्हणूनच पुष्कळ सज्जनांना पहिली गोष्ट सहज साधते व दुसरी जन्मभर साधत नाहीं.

मग वाटसरूला भेटलेली दया खोटी समजावयाची काय ? एखादा शंकेखोर तसें म्हणेल, पण मला तें पटत नाहीं. स्वतः फर्मरनेंही तसें केलें नाहीं. युद्धांत तो जर्मनांविरुद्ध लढला. १९४४ सालीं क्रीट बेटावर एका जर्मन सेनापतीला पकडून नेण्यांत तो अग्रेसर होता. हायडेलबर्गच्या त्या खाणावळवाल्यांचा मुलगा नॉर्वेमधील लढाईंत पडला, हेंही त्याला मागाहून कळलें. तरी चाळीस वर्षांनीं लिहितांना त्यानें ना ते उपकार नाकारले, ना त्या राजवटीवर पांघरूण घातलें. हेंच योग्य होय. कारण ती दया खरी होती म्हणूनच समाजावरील दोषारोप अधिक जड होतो. ज्याला डोळे आहेत त्यालाच, कां पाहिलें नाहींस, म्हणून विचारतां येतें. परक्याला मिळालेली दया हें समाजाच्या चांगुलपणाचें प्रशस्तिपत्र नव्हे. या समाजाला चांगुलपणा येत होता, याचा तो पुरावा आहे.

हा पुरावा हातीं घेऊन दोन माणसें एकदां चालत निघालीं होतीं. १ जून १९६२ रोजीं सतीशकुमार व ई. पी. मेनन यांनीं दिल्लीस राजघाटावरून अण्वस्त्रांविरुद्ध पदयात्रा सुरू केली. मॉस्को, पॅरिस, लंडन करीत त्यांना वॉशिंग्टनपर्यंत जावयाचें होतें. विनोबांनीं त्यांना सांगितलें कीं, जवळ एक पैसाही ठेवूं नका. कुलाबा जिल्ह्यांतील गागोद्यास जन्मलेल्या या पुरुषानें स्वतः वर्षानुवर्षें पायीं हिंडून लोकांच्या दारांत जमीन मागितली होती. तेव्हां या सल्ल्यामागें अनुभव होता. पैसेवाला प्रवासी धर्मशाळा गांठतो, त्याला कोणाचीही गरज पडत नाहीं. निर्धनाला मात्र दार ठोठवावेंच लागतें, आणि दार उघडलें कीं बोलणें सुरू होतें. पाकिस्तानच्या हद्दीवर एका स्नेह्यानें वाटेंत खाण्याकरितां शिदोरी देऊं केली. सतीशकुमारांनीं ती घेतली नाहीं. त्यांच्या मतें तीं अन्नाचीं नव्हे, अविश्वासाचीं पुडकीं होतीं. फाळणीला तेव्हां पंधराच वर्षें झालीं होतीं. पलीकडे त्यांचें स्वागत झालें, त्यांना अन्न व आसरा मिळाला. येथें वाटसरू आणि शेजारी हीं दोन माणसें राहिलीं नाहींत. परका म्हणून जो दारीं आला तो शेजारीच होता, आणि तोही असा कीं ज्याच्याशीं रक्ताचा हिशेब शिल्लक होता. म्हणून या आतिथ्याचें मोल मला हायडेलबर्गच्या बिछान्याहून अधिक वाटतें.

आतां आपल्या घरच्या त्या तरुणाकडे परत येऊं. मैलभर सोबत आलेल्या शेतकऱ्याचे उपकार तो कधींही फेडूं शकणार नाहीं. त्याचा पत्ताही त्याच्यापाशीं नाहीं. परदेशीं पुन्हां जाऊन हें ऋण फिटावयाचें नाहीं, आणि येथें एखाद्या परदेशी पाहुण्याला चहा पाजूनही तें पुरें फिटणार नाहीं. तो सौदा फारच स्वस्तांतला होईल. तें फेडण्याची जागा त्याच्या स्वतःच्या जिन्यावर आहे. त्याच्या इमारतींत भाड्यानें खोली मागावयास कोणी येतो, आणि आडनांव ऐकतांच, जागा गेली, असें त्याला सांगण्यांत येतें. स्वयंपाकघरांत मोलकरणीचा पेला अद्याप निराळा ठेवलेला असतो. इमारतींतील सभासदांच्या बैठकींत हा तरुणही बसलेला असतो. त्या घरांतला चहा तोही पीत असतो. ज्याला परक्या देशांत कोणीं नांवगांव न विचारतां आंत घेतलें, त्यानें त्या वेळीं तोंड उघडावें.

त्याचा सिद्धान्त मला मान्य आहे : जग आपण समजतों त्यापेक्षां चांगलें असूं शकतें. तसें तें आहे कीं नाहीं, याचा निकाल मात्र प्रवासांत लागत नाहीं. तो प्रवासाहून परत आल्यावर, आपल्या दाराची कडी कोणासाठीं निघते, त्यावरून लागतो.