किती गमवावे, आणि कोणाचे?

व्यापार म्हटला की जोखीम आलीच. मृगात पेरणी करणारा शेतकरी पावसाची हमी घेऊन पेरीत नाही. दुकान घालणाऱ्याला गिऱ्हाईक येईलच असे कोणी लिहून देत नाही. तेव्हा जोखीम पत्करणे हे मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. विचारण्यासारखे प्रश्न दोन आहेत: जोखीम किती घ्यावी, आणि ती कोणाच्या जिवावर घ्यावी? परकीय चलनाच्या सट्ट्याच्या, म्हणजे ज्याला आज सर्व जण ‘फॉरेक्स’ म्हणतात त्याच्या निमित्ताने हे प्रश्न तपासून पाहावेत असे आम्हांला वाटते; कारण हा व्यवहार आता मोबाइलमधून साध्या नोकरदारांच्या घरांत येऊन बसला आहे.

या व्यवहारातील जाणत्या मंडळींचा एक नियम आहे, आणि तो चांगला आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. नियम असा की, सौदा करण्यापूर्वी नफ्याचा नव्हे, तोट्याचा आकडा ठरवावा. समजा, एखाद्याच्या खात्यात १००० फ्रँक आहेत. एका सौद्यात शंभरात एकाहून अधिक, म्हणजे १० फ्रँकांहून अधिक, गमवायचे नाहीत असे तो ठरवितो. तो १.२००० फ्रँक दराने युरो घेणार आहे, आणि दर १.१९५० वर उतरला तर विकून मोकळा होणार आहे. म्हणजे प्रत्येक युरोमागे तोटा ०.००५० फ्रँक. १० ला ०.००५० ने भागले की २००० येतात. त्याने २००० युरो घ्यावेत, एकही अधिक नाही. पुष्कळ लोक याच्या उलट करतात. आधी मोठा सौदा घेतात, आणि तोटा किती सोसवेल हे तोटा झाल्यावर पाहतात.

या नियमाच्या पोटी नुसते गणित नाही, नम्रताही आहे. आपण चुकू शकतो, लागोपाठ दहा वेळा चुकू शकतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. दर वेळी उरलेल्या रकमेच्या २ टक्के गमावणाऱ्याजवळ दहा पराभवांनंतर शंभरांतले सुमारे ८२ उरतात. १० टक्के गमावणाऱ्याजवळ सुमारे ३५. आणि २५ टक्के गमावणाऱ्याजवळ सहासुद्धा उरत नाहीत. शिवाय निम्मे गमावले, तर मूळपदावर येण्यास उरलेल्याचे दुप्पट करावे लागते.

परंतु केवळ या नियमावर भिस्त ठेवणाऱ्यांनी १५ जानेवारी २०१५ हा दिवस विसरू नये. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून, युरोचा भाव १.२० फ्रँकांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असे धोरण धरले होते. खाली बँक उभी आहे, मग भीती कसली, अशा भरवशाने अनेकांनी युरो घेऊन ठेवले होते. त्या दिवशी सकाळी बँकेने एकाएकी ते धोरण सोडले, आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. ठरल्या भावाला विकण्याची आज्ञा, जिला ‘स्टॉप-लॉस’ म्हणतात, ती लोकांनी नोंदवून ठेवली होती. पण त्या भावाला घेणाराच कोणी उरला नव्हता. वर सांगितलेल्या सावध मनुष्याचा सौदा एक फ्रँकला तुटला असे धरले, तर १० फ्रँकांऐवजी त्याचे ४०० गेले. आणि ज्याने त्याच १००० फ्रँकांच्या अनामतीवर २०,००० युरो घेतले असतील, त्याचे ४००० गेले; खाते रिकामे होऊन वर ३००० चे देणे. गिऱ्हाइकांचे असे तोटे अंगावर आल्यामुळे अल्पारी (यूके) या दलाल कंपनीने दुसऱ्याच दिवशी दिवाळखोरी जाहीर केली.

या दोघांतील भेद पाहावा. अंदाज दोघांचाही चुकला. पण एकाचे नुकसान त्याच्या स्वतःच्या पैशात मावले, दुसऱ्याचे बाहेर सांडले. बाजारात ज्याला ‘लिव्हरेज’ म्हणतात, त्याचा नीतीच्या भाषेत अर्थ एवढाच की, आपल्याजवळ नाही ते पणाला लावणे. युरोपीय नियामक संस्थेने २०१८ मध्ये मुख्य चलनांतील अशा सौद्यांवर ३० पटींची मर्यादा घातली, आणि भरलेल्या रकमेहून अधिक तोटा किरकोळ गिऱ्हाइकाच्या माथी येऊ नये, असाही नियम केला. त्या वेळी तिने सांगितले होते की, अशा सौद्यांच्या किरकोळ खात्यांपैकी शंभरात ७४ ते ८९ खाती तोट्यात जातात.

चलनाचा बाजार स्वतः वाईट आहे, असे नाही. गोव्यातून मासळी परदेशी पाठविणाऱ्याला तीन महिन्यांनी डॉलर मिळायचे असतात. तो बँकेशी आजच भाव ठरवून घेतो. त्याच्या अंगावर असलेली जोखीम तो उतरवितो. सट्टेवाला मात्र नसलेली जोखीम पैसे देऊन अंगावर घेतो. आपल्याकडील नियमही बहुतांशी याच भेदावर उभे आहेत. परदेशी ॲपवरून असा सट्टा करण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) याखाली परवानगी नाही, आणि रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची यादी प्रसिद्ध करीत आली आहे.

आता दुसरा प्रश्न. शंभरात एक, असे नियम सांगतो. पण शंभर कोणाचे, हे तो विचारीत नाही. ते मुलीच्या फीचे असू शकतात, आईच्या औषधाचे, पत्नीच्या पाटल्या मोडून आलेले, भिशीत चार बायांनी विश्वासाने जमविलेले. ज्याला तोटा सोसावा लागणार, त्याला आधी विचारले होते काय? न विचारता दुसऱ्याचा एक रुपया लावला, तर टक्केवारीच्या हिशोबाने ती जोखीम लहान. नीतीच्या हिशोबाने ती लहान नाही.

कोणी म्हणेल की, धन्याचा पैसा पुरून ठेवणाऱ्या दासाला दृष्टान्तात दोषच लागला ना? लागला खरा. पण त्या धन्याने तिघांना सारखी रक्कम दिली नव्हती. ज्याची जेवढी ताकद तेवढीच दिली होती. आणि धनी परत आल्यावर प्रत्येकाने उघडपणे हिशोब दिला. या दोन गोष्टी सोडून त्या दृष्टान्ताचा आधार घेणे बरे नव्हे.

म्हणून कोणत्याही धाडसाआधी, मग ते चलनाचे असो, शेअरचे असो वा नव्या दुकानाचे, आम्ही एवढेच सुचवितो की, गमवायचा आकडा आधी घरात सर्वांसमोर मोठ्याने सांगावा. ‘तेवढे गेले तरी चालेल’ असे ज्यांचे ते पैसे आहेत त्यांनी म्हटले, तर ती आपली मर्यादा. आकडा सांगताना जीभ अडखळली, तर ती मर्यादा शून्य समजावी. बाजारात नोंदविलेली मर्यादा बाजार मोडू शकतो. घरात ठरविलेली मर्यादा आपल्यावाचून दुसरा कोणी मोडू शकत नाही.