असिसीतला मुक्काम

खोली शोधायला बसण्याआधी क्षणभर फोन उलटा ठेवा. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा, दोन-चार श्वास आपसूक येऊ-जाऊ द्या. आपल्याला असिसीला जायचे आहे. इटलीच्या मध्यभागी, उंब्रिया प्रांतात, सुबासिओ डोंगराच्या उतारावर वसलेले हे छोटे गाव. आपण पायथ्यापासून सावकाश वर चढू. वाटेत एकच प्रश्न मनात धरू: रात्रीच्या निवाऱ्याला मला नेमके किती लागते?

हा प्रश्न इथलाच आहे. ज्याच्या ओढीने जग या गावात येते, तो संत फ्रान्सिस कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. १२०६च्या सुमारास बिशपसमोर त्याने अंगावरचे कपडे उतरवून वडिलांना परत केले आणि घर सोडले. पुढे सोबती मिळाले. गावाखालच्या मैदानात, रिवोतोर्तो इथल्या एका पडक्या खोपटात ही मंडळी राहू लागली.

इथे थांबा. ते खोपटे डोळ्यांसमोर आणा. जागा इतकी तोकडी की सगळ्यांना धड बसताही येईना. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार तोमासो दा चेलानो सांगतो, की ज्याला त्याला आपली जागा कळावी म्हणून फ्रान्सिसने वरच्या वाशांवर सोबत्यांची नावे लिहिली होती. आपल्या नावाखाली जेवढी जमीन, तेवढे आपले घर. मग एके दिवशी एक शेतकरी गाढव हाकत आला आणि गाढवासकट आत शिरू लागला. फ्रान्सिसने जागेसाठी भांडण केले नाही. सोबत्यांना घेऊन तो निघाला.

वाशावर आपलेही नाव लिहिलेले आहे असे समजा. खाली आडवे व्हा. अंग पसरता येते, उशाला पिशवी मावते. आता आपण हॉटेलकडून जे जे मागतो ते एकेक करून या जागेत आणून ठेवा. कशाला जागा उरते, कशाला उरत नाही, ते नुसते पाहा. स्वतःला दोष देऊ नका. फ्रान्सिसची वाट सगळ्यांनी धरावी असे कुणी म्हणत नाही.

आता वर जाऊ. रोमहून रेल्वेने यायला साधारण दोन-अडीच तास लागतात. काही गाड्या थेट येतात, नाहीतर फोलिन्योला गाडी बदलावी लागते. स्टेशनचे नाव असिसी असले तरी ते डोंगराखाली, सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे. तिथून गावात बस जाते. या वस्तीतल्या भव्य बॅसिलिकेच्या पोटात पोर्त्सिउंकोला नावाचे चिमुकले देऊळ जपले आहे. त्याच्याजवळच, ३ ऑक्टोबर १२२६च्या संध्याकाळी, फ्रान्सिसने उघड्या जमिनीवर प्राण सोडला.

मुक्काम खाली करायचा की वर, हा खरा निर्णय. खाली सपाटी आहे, गाडी लावायला जागा आहे, खोल्याही बहुधा स्वस्त मिळतात. वर चढ, दगडी पायऱ्या, आणि बाहेरच्या वाहनांवर गावात निर्बंध. बॅग बहुधा हातानेच ओढावी लागते. गुडघे दुखत असतील तर खाली राहण्यात काही कमीपणा नाही. पण पाय साथ देत असतील तर तटाच्या आतच राहा, असे मी आग्रहाने सांगेन. दिवसभर बसमधून उतरणारी गर्दी संध्याकाळी निघून जाते. मुक्कामाला असलेल्यालाच त्यानंतरचे गाव भेटते.

गावात जोगिणींच्या काही मठांत पाहुण्यांसाठी खोल्या असतात. पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस, एक खिडकी. रात्री ठरल्या वेळी बाहेरचे दार बंद होते. ती वेळ आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या. सकाळी पाव, लोणी, जॅम आणि कॉफी. आपल्याकडच्या भक्तनिवासात राहिलेल्याला यातले काहीच अवघड वाटणार नाही. पासपोर्ट मागितला तर बिचकू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. माणशी, दर रात्रीचा थोडा पर्यटन करही वेगळा भरावा लागतो.

त्या खोलीत जाऊन बसा. दार लोटून घ्या. टीव्ही नसेल, तर हात कशाकडे जातो ते पाहा. मग खिडकी उघडा. खाली उंब्रियाचे मैदान, शेते, आणि शेजारच्या घरांचा तो गुलाबी-पांढरा दगड. सुबासिओचाच चुनखडक तो. मावळतीच्या उजेडात गुलाबी छटा गडद होत जाते. तोवर बसून राहा, दुसरे काही करू नका.

अंधारण्यापूर्वी चौकात एक फेरी मारा. पियात्सा देल कोमूनेमध्ये रोमन काळातल्या मिनर्व्हा मंदिराचे सहा खांब उभे आहेत, दोन हजार वर्षांपासून. आत आता चर्च आहे. १७८६ साली जर्मन कवी गटे इथे आला तो या मंदिरासाठी. फ्रान्सिसच्या बॅसिलिकेकडे त्याने पाठ फिरवली. खांब सुंदर आहेत यात शंका नाही, तरी गटेची ही निवड मला आजवर पटलेली नाही.

सकाळी लवकर फ्रान्सिसच्या बॅसिलिकेत जा. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, फोटो काढू नका, बोलूही नका. आधी सर्वांत खाली उतरा. १२३० साली त्याच्याच पंथातल्या ब्रदर एलियाने फ्रान्सिसची शवपेटी अशी दडवली की ती थेट १८१८मध्ये सापडली. साध्या दगडी तळघरात मधोमध तो, चार कोपऱ्यांत त्याचे चार सोबती: लेओ, रुफिनो, मास्सेओ, आंजेलो. पुन्हा एकाच छपराखाली. बाकावर बसा आणि वाशांवरची ती नावे आठवा.

मग अवशेषांच्या दालनातला त्याचा झगा पाहा. जाडीभरडी लोकर, आणि तिच्यावर ठिगळे. कुठे राखी, कुठे तपकिरी. मिळेल त्या तुकड्याने फाटले तिथे शिवलेले. इथे घाई करू नका. एक ठिगळ निवडा, त्याच्या कडेने नजर फिरवा. या माणसासाठी, मृत्यूनंतर दोनच वर्षांत, एवढे मोठे मंदिर उभारायला घेतले गेले. ही विसंगती मनाला टोचली तर टोचू द्या. तिचा निकाल लगेच लावायला नको.

वरच्या चर्चमध्ये त्याच्या चरित्राची अठ्ठावीस भित्तिचित्रे आहेत, परंपरेने जोत्तोच्या नावावर असलेली. पाखरांना उपदेश करणारा फ्रान्सिस दाराशेजारी सापडेल. मान वर करा. २६ सप्टेंबर १९९७च्या भूकंपात या छताचा काही भाग कोसळला, चार माणसे गेली. ढिगाऱ्यातून रंगीत तुकडे वेचून तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ते जुळवले. चित्रकार चिमाबुएच्या संत मॅथ्यूच्या चित्रात जे सापडले नाही तिथे रिकामे ठेवले. ते मला फार योग्य वाटते.

दुपारी ऑलिव्हच्या बागांतून सान दामियानोच्या मठाकडे उतरा. फ्रान्सिसची शिष्या संत क्लारा तिथे चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिली. भोजनगृहातली जुनी लाकडी मेजे झिजून गुळगुळीत झाली आहेत.

गोव्याच्या वाचकाने फ्रान्सिसचे नाव जुन्या गोव्यात वाचलेलेच असते. फ्रान्सिस्कन साधू १५१७मध्ये तिथे पोचले. आज उभे असलेले असिसीच्या फ्रान्सिसचे चर्च १६६१चे, आणि शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. इटलीला जाणे होईल तेव्हा होईल. जुन्या गोव्यातल्या या चर्चमधली लाकडावर रंगवलेली फ्रान्सिसची चित्रे आधी पाहून घ्या.

आता फोन सुलट करा. खोली साधी निवडा, आणि त्यातून जे पैसे वाचतील त्यांत मुक्काम एका रात्रीने वाढवा. ४ ऑक्टोबरला फ्रान्सिसचा सण असतो, गाव भरून वाहते. त्या दिवसांत जाणार असाल तर कित्येक महिने आधी आरक्षण करा.