भिंतीवरचे चित्र आणि त्याच्या प्रतिकृती

फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात. गिलावा वाळण्याआधी पाण्यात कालवलेला रंग त्यावर चढवला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुना पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यातच बसतो. त्यामुळे चित्रकार एका दिवसात रंगवून होईल एवढाच गिलावा घालून घेई. जवळून पाहिले तर त्या रोजच्या कामाचे सांधे अजून दिसतात. असे चित्र मुळात भिंतच असते, म्हणून ते पाहायला भिंतीपाशीच जावे लागते.

फ्लॉरेन्सचे सान मार्को १८६९ मध्ये संग्रहालय झाले. त्याआधी तो मठ होता. १४४० च्या सुमारास फ्रा आंजेलिको आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कोठड्यांतून चित्रे काढली. एक कोठडी, एक चित्र, एक लहान खिडकी आणि पाहणारा एकच भिक्षू. भपक्याचा लवलेश नसलेली ही चित्रे इतकी साधी का, हे त्या कोठडीत उभे राहिल्यावरच उमगते.

अजिंठ्याचे तंत्र निराळे. खडबडीत कातळावर भाताचा तूस मिसळलेली माती, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग कोरड्यावर. पण जागेशी नाते तसेच घट्ट. इटालियन चित्रतंत्रावरील चेन्नीनीचा जुना ग्रंथ १८९९ मध्ये इंग्रजीत आणणाऱ्या क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी पुढे अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या कामावर कोलकात्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले होते. नंतर जपानचे चित्रकार आराई काम्पोही अजिंठ्याच्या प्रतिकृती करायला आले. 

प्रतिकृतींचे नशीब मात्र वाईट. हेरिंगहॅम यांच्या आधी अजिंठ्याला काम केलेल्या रॉबर्ट गिलच्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनला जळाल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी केलेल्या अनेक १८८५ च्या आगीत गेल्या, काम्पोंच्या १९२३ च्या टोकियो भूकंपात. तरीही ते श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. प्रतिकृती करताना कमावलेली नजर आणि हात चित्रकाराजवळ राहिले. नंदलालांनी पुढे बडोद्यात गायकवाडांच्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या. त्यांचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे जीवन रंगवले. दृष्टी अधू असूनही, पूर्ण आकाराचा आराखडा न उतरवता, थेट ओल्या चुन्यावर.